आधीच पाहिलेली गुहा

पडद्यावर केतकीची धनुर्धारी गुहेच्या तोंडाशी थबकली. लेक बंगळुरूला, मी साताऱ्यात. दर रविवारी दुपारी आम्ही एकाच ऑनलाइन खेळात भटकतो. तिच्यापुढे पुन्हा फजिती नको म्हणून या खेपेला मी त्या गुहेचा अख्खा व्हिडिओ आधीच पाहून ठेवला होता. फार हुशार ना मी!

"बाबा, आत काय असेल रे?" हेडफोनमध्ये तिचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

"कोण जाणे," मी म्हणालो. राक्षस डावीकडून येणार, हे मला पाठ होतं. तो आला. ती किंचाळली. मीही किंचाळलो, जरा उशिराच, हौशी नाटकातल्यासारखा. ठाऊक असलेल्या भीतीला माणूस नुसती हजेरी लावतो.

"घाबरू नकोस बाबा, माझ्या मागे उभा राहा!"

मी राहिलो. ती जिवाच्या आकांताने माझ्यासाठी लढत होती, आणि त्या गुहेत ती एकटीच होती.