कांदा तपासणाऱ्या बाई

बाई वर्तमानपत्र वाचायला सुरुवात करत ती जाहिरातींपासून. हातात तांबडी पेन्सिल असे. बातम्यांची पाळी शेवटी येई. मी जिल्ह्यातल्या एका दैनिकाचा वार्ताहर, त्यामुळे पहिल्याच भेटीत मला ते खटकलं. कारण विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "जाहिरातीचे पैसे कोणी दिले ते तिथेच दिसतं. बातमीत ते शोधत बसावं लागतं."

निवृत्त होईपर्यंत त्यांनी चौलच्या शाळेत विज्ञान शिकवलं. पूर्ण नावाने त्यांना कोणी ओळखत नसे; गावाला त्या नुसत्या बाई. निवृत्तीनंतर आणखी चार शिक्षकांना गोळा करून त्यांनी ग्राहक मंडळ काढलं. मंडळाची मालमत्ता म्हणजे शाळेने मोडीत काढलेला एक फळा, एक भिंग आणि एक वही. फळा एसटी थांब्याच्या भिंतीला टेकवलेला असे. शनिवारी सकाळी, मुंबई-पुण्याच्या गाड्या यायच्या आत, बाई तो लिहून मोकळ्या होत.

फाल्गुनाच्या सुमारास फळ्यावर विषय एकच असे, पांढरा कांदा. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला नाव आहे आणि त्या नावाला भाव आहे. म्हणून त्याच नावावर बाहेरचा कांदाही खपवला जातो. रस्त्याकडेला माळा टांगून बसणाऱ्यांपैकी कोणाचा माल इथला आणि कोणाचा बाहेरचा, हे बाई नावानिशी लिहीत.

ओळखण्याची त्यांची रीत साधी होती. इथला कांदा पातीसकट सुकवतात आणि त्या पातीचीच वेणी घालून बायका माळ करतात. बाहेरचा कांदा पोत्यांतून सुटा येतो. त्याची पात आधीच कापलेली असते, म्हणून तो सुतळीने बांधावा लागतो. बाई भिंगाखाली कांद्याची मान बघत. मान कापलेली आणि माळेत सुतळी, की निकाल ठरला. माळ त्या स्वतः कधी विकत घेत नसत. एसटीतून उतरलेल्या एखाद्या अनोळखी प्रवाशाच्या हातात पैसे ठेवून त्यालाच आणायला लावत. विक्रेत्याला काही विचारायचं नाही, हा मंडळाचा पहिला नियम होता. "ज्याचा माल, त्याची साक्ष धरायची नाही," असं त्या म्हणत.

पहिल्या वर्षी लोक हसले. दुसऱ्या वर्षी पर्यटकांनी फळ्याचे फोटो काढून एकमेकांना पाठवायला सुरुवात केली आणि हसणं थांबलं. गाडीतून उतरणारा माणूस आता फोनमध्ये नाव बघून विक्रेत्यासमोर उभा राहू लागला. ज्यांना बाईंनी 'इथला' लिहिलं, त्यांच्या माळा दुपारीच संपत. ज्यांना 'बाहेरचा' लिहिलं, ते दिवे लागेपर्यंत बसून राहत. पुढे मीही ती यादी आमच्या पुरवणीत छापू लागलो. बाहेरच्या कांद्याचे टेम्पो येणं कमी झालं, हे मी स्वतः पाहिलं आहे.

अशी सत्ता हातात आली की लोक तिची किंमत विचारायला येतात. एका विक्रेत्याने बाईंच्या घरी चार माळा पोचवल्या. बाईंनी त्या फाटकाला टांगल्या आणि शेजारी कागद लावला: 'हे माझं नाही. ज्याचं असेल त्याने न्यावं.' कोणी नेल्या नाहीत. शेवटी शेजाऱ्यांच्या शेळीने निकाल लावला. एका रिसॉर्टच्या मालकाने फळ्याऐवजी मोठा फ्लेक्स छापून देण्याची तयारी दाखवली. बाईंनी त्याला एवढंच विचारलं, की फ्लेक्सवर त्याचं नाव किती मोठं असेल. तो पुन्हा आला नाही.

मला मात्र बाईंचाच संशय होता. एवढं नि:स्वार्थी कोणी नसतं, हे मला धंद्याने शिकवलं आहे. महिनाभर मी चौकशी केली. बाईंचा कोणी भाऊबंद कांदा लावतो का, एखाद्या विक्रेत्याकडे त्यांचं येणंजाणं आहे का, हे सगळं तपासलं. काही निघालं नाही. शेवटी ते त्यांना सांगून टाकलं. वाईट वाटून घेणं राहिलं बाजूला, त्या चक्क खूश झाल्या. "उशीर केलात," म्हणाल्या. "हे यादी छापण्याआधी करायचं."

मग सुलभाचं प्रकरण घडलं. सुलभा आतल्या गावातली. स्वतःच्या वावरातल्या कांद्याच्या माळा स्वतः वळून ती वळणावरच्या चिंचेखाली विकायला बसे. तीन वर्षं तिच्या नावापुढे 'इथला' होतं. त्या शनिवारी 'बाहेरचा' आलं. तिच्या माळेत सुतळी सापडली होती आणि मानाही कापलेल्या होत्या. बाईंनी दोनदा भिंग लावलं, वहीत नोंद केली आणि फळा लिहिला. मी नेहमीप्रमाणे तो छापला.

सुलभा ना फळ्यापाशी आली, ना बाईंच्या घरी. सलग दोन आठवडे तिची एकही माळ गेली नाही. गाड्या थांबत, आतले लोक फोन बघत आणि पुढे जात. तिसऱ्या आठवड्यात मी तिच्याकडे गेलो, खरं तर टेम्पोवाल्याचं नाव काढून घ्यायला. तिने मला वावरात नेलं आणि बांधावरचा काळ्या, चिकट पातीचा ढीग दाखवला. "पाऊस परला. दोन तासच, पन सगली पात कुजली," ती म्हणाली. "पातीबिगर वलायचं कशानं? कापली न सुतलीन बांदला. यवरंच."

मी शेजारच्या दोन वावरांत विचारून खात्री केली. अवकाळी पाऊस डोंगराकडच्या त्या पट्ट्यातच पडला होता; चौलात थेंबही नव्हता. सुलभाला विचारलं असतं, तर एका वाक्यात कळलं असतं. पण विचारायचं नाही, हा नियम होता.

बाईंना सांगितल्यावर त्यांनी आधी मला विचारलं की हे सांगायला मला कोणी पाठवलं. मग रिक्षा करून स्वतः वावरात गेल्या. पातीचा ढीग त्यांनी काठीने उलटापालटा केला. पडवीतल्या माळा बघितल्या. भिजलेला कांदा टिकत नाही. निम्म्या माळांना पाणी सुटलं होतं. भिंग त्यांनी पिशवीतून काढलंच नाही.

त्या शनिवारी फळ्यावर यादी नव्हती. 'सुलभाचा कांदा इथलाच. चूक माझी,' एवढंच होतं. आमच्या कार्यालयाने दुरुस्ती आतल्या पानावर तीन ओळींत छापली. फळ्याचा जुना फोटो मात्र फिरतच राहिला. सुलभा बाईंना म्हणाली, "बाई, फला तुमी पुसलाव. लोकांच्या फोनातला कोन पुसनार?"

दुसऱ्या दिवसापासून बाई घरची खुर्ची घेऊन चिंचेखाली जाऊन बसू लागल्या. गाडी थांबली आणि कोणी फोन काढला, की त्या उठून सांगत, ते मी लिहिलं होतं आणि ते खोटं आहे. हंगाम संपेपर्यंत, उन्हात, एकही दिवस न चुकता. उरलेल्या चांगल्या माळा हळूहळू गेल्या. निम्मा कांदा मात्र खड्ड्यात टाकावा लागला.

नाक्यावर मग वेगळंच बोलणं सुरू झालं. बाईंनी सुलभाशी भागीदारी केली, आता बाईंचं खरं रूप कळलं, वगैरे. संशय घ्यायला बाईंनीच गावाला शिकवलं होतं. गावाने तो त्यांच्यावर घेतला. मी विचारलं, हे असं होईल याचा अंदाज नव्हता का. "होता," त्या म्हणाल्या. "तुम्हीही चौकशी करा हवी तर."

पुढच्या वर्षी फळा पुन्हा लागला. आता नावासमोर विक्रेत्याचं म्हणणंही लिहिलेलं असे. पण त्यासमोर थांबणारे थोडे होते. त्या रिसॉर्टवाल्याने दरम्यान स्वतःची 'खात्रीशीर विक्रेत्यांची यादी' काढली होती. ती रंगीत होती, फोनवर वाचता येत होती, आणि तिच्यात कोणाचंच नाव 'बाहेरचा' म्हणून नव्हतं. टेम्पो पुन्हा दिसू लागले.

दोन वर्षांनी बाई गेल्या. शोकसभा शाळेत झाली. ऐन हंगाम असल्याने विक्रेत्यांपैकी कोणी आलं नाही. एकटी सुलभा आली होती, मागच्या बाकावर बसली होती. मला मृत्युलेखासाठी कोणाचं तरी एखादं वाक्य हवं होतं, म्हणून सभा संपल्यावर तिला गाठलं.

ती म्हणाली, "तिनं माजा कांदा कुजवला. न मंग तीच येऊन बसली." मी लिहून घेत होतो. माझी वही तिने जरा वेळ बघितली. "छापलं तुमीबी व्हतं. तुमी न्हाय आलाव."

मृत्युलेखात मी तिचं यातलं एकही वाक्य घेतलं नाही. 'कर्तव्यदक्ष शिक्षिका' असं लिहिलं. म्हणून ती वाक्यं इथे देत आहे.