वजाची ओळ

दाराला कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघणाऱ्यांपैकी मी एक. नागपुरात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो, तेव्हा या स्वभावाचा मला अभिमानच होता.

प्रकल्प दोघांचा होता. अक्षरांत मांडलेलं गणित संगणकाने वाचायचं आणि कंस घालून दाखवायचं, कुठली क्रिया आधी, कुठली नंतर, आणि आकडे दिले की उत्तरही काढायचं. त्यासाठी एक तक्ता लागे: दोन चिन्हं पाठोपाठ आली तर आधी डाव्याचं काम करायचं की उजव्याचं. तक्ता मी मांडला. जोडीदार पारशिवनीकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, शहराच्या कडेला वाडीत एका गोदामावरच्या खोलीत राहायचा. त्याचा हात चलाख, म्हणून तेव्हा संगणकाला जी कार्डं द्यावी लागत त्यांना भोकं पाडायचं काम त्याचं. कार्डांचा गड्डा संगणकाच्या खोलीत द्यायचा आणि छापील कागद दुसऱ्या दिवशी आणायचा.

बेरीज, गुणाकार सगळं ठीक. पण अ वजा ब वजा क दिलं की यंत्र आधी ब मधून क काढी आणि उरलेलं अ मधून. दहातून तीन, मग दोन गेले तर पाच उरतात. आमच्या यंत्राचे नऊ उरत.

तीनदा तेच झालं. मी कार्डं माझ्या तक्त्याशी ताडून पाहिली. तंतोतंत जुळली. दुसरा कुणी असता तर त्याचा संशय फिटला असता, माझा वाढला. मला दाखवायला एक गड्डा आणि आत द्यायला दुसरा, असं तर नाही? कॉलेजात व्याख्यात्याची एकच जागा निघणार होती आणि आम्हा दोघांचाही तिच्यावर डोळा होता; तक्ता चुकला ठरला तर बोल मला.

मग मी गड्ड्याच्या कडेवर पेन्सिलीने तिरकी रेघ ओढली. कार्ड बदललं तर रेघ तुटेल. जोडीदाराच्या ते लक्षात आलंच.

"काहून गा, माह्यावर पहारा ठेवून राहिला का?"

"कार्डं सांडली तर लावता यावीत म्हणून सगळेच रेघ ओढतात," मी म्हणालो.

"ओढतेत. पण तू मले चोर समजून राहिला."

गड्डा परत आला, रेघ अखंड होती आणि उत्तर नऊच. रेघ पुसून त्याने नवी ओढली असणार, असं मी ठरवूनच टाकलं. तडक प्रकल्पाच्या सरांकडे गेलो आणि तो मुद्दाम घोळ घालतो असं सांगितलं. सरांनी त्याला बोलावलंसुद्धा नाही. त्याचं नाव प्रकल्पातून काढलं. पुढल्या वर्षी नवा विषय घेऊ दे, म्हणाले. म्हणजे त्याचं वर्ष गेलं.

आता भोकं मलाच पाडायची होती. तक्त्याचं एकेक घर बोटाने वाचत बसलो. बेरजेच्या ओळीत मी 'उजवं आधी' लिहिलं होतं. बेरजेला काही फरक पडत नाही. तिच्याखाली वजाच्या ओळीत मात्र सरसकट डिट्टोच्या खुणा होत्या, म्हणजे वजालाही 'उजवं आधी'. वडिलांच्या कचेरीतली रजिस्टरं बघून लागलेली सवय. त्याने बिचाऱ्याने मी लिहिलं तसंच पाडलं होतं.

दोन घरं बदलली. दुसऱ्या दिवशी उत्तर पाच आलं. कागद घेऊन सरांकडे निघालो, सगळं सांगून टाकायचं असं ठरवून. सरांनी कागदावर नजर फिरवली आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

"पाहिलंस? तो गेला आणि लगेच सुटलं की नाही?"

"हो सर," मी म्हणालो.