वाफ सरेपर्यंत झाकण उघडू नये

तापलेल्या साच्यावर ताकात भिजवलेलं ज्वारीचं पीठ पडतं, तेव्हा आधी एक बारीक, ओलसर ‘चर्र’ उमटतो आणि मग स्वयंपाकघरभर आंबूस, खरपूस, तुपाळ असा दरवळ हळूहळू पसरत जातो. माघातल्या सकाळी, खिडकीच्या काचेवर दहिवर साचलेलं असताना, हा दरवळ नाकाशी आला की माझे खांदे आपोआप सैल पडतात. कुणाला प्राजक्ताचा गंध सुखावतो, कुणाला ओल्या मातीचा. मला मात्र आमच्या बारामतीच्या घरात ओट्यावर ठेवलेल्या एका काळ्या, वीतभर रुंद यंत्राच्या फटीतून निसटणारी ही वाफ अत्यंत मंगल वाटते. हसू येतंय ना तुम्हाला? येऊ द्या. दोन महिन्यांपूर्वी मला कुणी असं सांगितलं असतं, तर मीही हसलोच असतो.

यंत्र दिलं आमच्या लेकीनं, स्वातीनं. ती पुण्याला नोकरी करते आणि आई-बाबा दोघेच घरी असले की जेवणाची आबाळ करतात, अशी तिची ठाम समजूत आहे. दिवाळीला तिनं हा वॉफल आणि सँडविच मेकर खोक्यासकट आमच्या हवाली केला. त्यात साच्यांच्या दोन जोड्या, एक त्रिकोणी सँडविचची आणि दुसरी वॉफलची, म्हणजे चौकटी-चौकटींच्या जाड विलायती धिरड्याची. नंदानं, म्हणजे माझ्या पत्नीनं, तो उलटसुलट करून पाहिला, घरात तीन तवे असताना हे खेळणं कशाला हवं असं जाहीर केलं आणि माळ्यावर टाकून दिला. मीही त्याच्या बाजूनं एक शब्द बोललो नाही. तीस वर्षं एमआयडीसीतल्या एका दूध कारखान्यात बॉयलर सांभाळलेल्या माणसानं असल्या चिमुकल्या पेटीपुढे काय उभं राहायचं! पाण्याच्या पातळीची काच, दाबाचा काटा, लाल-हिरवे दिवे यांच्या संगतीत माझी उमेदीची वर्षं गेली, आणि वाफेतलं आपल्याला सगळं कळतं हा अहंकार मी निवृत्तीच्या नारळाबरोबर घरी घेऊन आलो होतो.

मार्गशीर्षात आक्काला कळंबहून आमच्याकडे आणलं. आक्का माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि ती चौदाची. आमच्या घरी तेव्हा मेंढरं होती. पावसाळा सरला की वडील कळप घेऊन बाहेर पडत आणि आक्का मला कडेवर घेऊन मागोमाग चालत असे. रानात तीन दगडांच्या चुलीवर तिनं भाजलेली भाकरी खाऊन मी वाढलो, तिच्याच हट्टानं शाळेत गेलो आणि तिच्याच हट्टानं आयटीआयलाही. पुढे मेंढरं गेली, शेती आली, भाचे कर्ते झाले. आक्का मात्र होती तशीच ताठ आणि करारी राहिली. यंदा तिचे उरलेसुरले दात एकामागून एक काढावे लागले. हिरड्या भरल्या, कवळी बसवली आणि डॉक्टरांनी आता काहीही खा म्हणून सांगितलं. आक्कानं काहीच खाल्लं नाही.

सुरुवातीला आम्हाला वाटलं, कवळीची सवय व्हायची आहे, होईल. मऊ भात, लापशी, मुगाची खिचडी, ताकातल्या कण्या, नंदानं काही म्हणता काही करायचं बाकी ठेवलं नाही. आक्का दोन घास घेई, ताट सारी आणि पोट भरलं म्हणे. तक्रार नाही, चिडचिड नाही. हाक मारली तर ओ देई, विचारलं तर ठीक हाय म्हणे आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडे. भिगवणला जाऊन मी ताजी चिलापी आणली, नंदानं काटे वेचून तिचं कालवण केलं. ज्या वासावर आक्का एके काळी एखादी भाकरी जास्त खात असे, त्या वाटीला तिनं हातही लावला नाही. कवळी तर तिनं डबीत घालून उशाशी ठेवून दिली होती. हातातल्या बांगड्या कोपराकडे घसरू लागल्या. डॉक्टरांनी वजन पाहिलं, मला बाजूला घेतलं आणि आणखी आठवडाभर असंच चाललं तर दवाखान्यात ठेवून नाकातून नळी घालावी लागेल, असं शांतपणे सांगितलं. घरी येताना मी आक्काला काहीच बोललो नाही, पण तिला कळलं असावं. त्या संध्याकाळी मी पेजेची वाटी पुढे धरली, तेव्हा ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “मला कोकरू केलंय तुमी. आई मेलेल्या कोकराला म्या असंच पाजायची. त्यातली जगायची किती?”

मी वाटी घेऊन आत आलो आणि नळ सोडून उगाच उभा राहिलो. भीती वाटत होती, दुसरं काही नाही. जिनं मला घास भरवून मोठं केलं, तिला मी एक घास भरवू शकत नव्हतो.

माणूस हतबल झाला की माळे धुंडाळतो. दुसऱ्या दिवशी मी ते खोकं खाली काढलं. पहिल्यांदा सँडविच करून पाहिलं. पाव टाळ्याला आणि कवळीला असा चिकटला, की आक्कानं डोळ्यांत पाणी आणून तो बोटानं काढला आणि कवळी पुन्हा डबीत गेली. मग चौकटींचा साचा बसवला. गोड वॉफल ती तोंडात घालणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून ज्वारीचं पीठ, मूठभर रवा, आंबट ताक, जिरं, चिमूटभर सोडा असं धिरड्यासारखं पीठ मीच कालवलं. नंदा बाजूला उभी राहून बघत होती. आपल्या ओट्यावर नवऱ्यानं मांडलेला पसारा बघताना बायका ज्या चेहऱ्यानं गप्प राहतात, त्याच चेहऱ्यानं.

आता तुम्हाला या यंत्राची रीत सांगतो. मी ती फार पीठ नासवून शिकलो आहे. साच्याला दोन्ही अंगांनी तेलाचा हात फिरवावा, वरच्या साच्यालाही. मी फक्त खालच्याला फिरवला आणि पहिलं वॉफल झाकणाला लोंबकळत राहिलं. पीठ मधोमध घालावं आणि ते काठापर्यंत पोचण्याआधी थांबावं, कारण झाकण पडल्यावर ते आपलं आपण पसरतं. मी काठोकाठ भरलं आणि पिठाचे ओघळ ओट्यावरून थेट पिठाच्या डब्यापर्यंत गेले. चिकटलेलं काढायला सुरी घेऊ नये. मी घेतली होती, नंदानं ती हातातून काढून लाकडी उलथनं दिलं, म्हणून साच्याचा काळा थर वाचला. आणि काम झालं की प्लग काढून, गार होऊ देऊन, ओल्या फडक्यानं पुसावं. भांड्यासारखं नळाखाली धरू नये. एवढं सगळं मी एका सकाळीत शिकलो. तरी वॉफल काही निघेना. झाकण उघडलं की अर्धं वर, अर्धं खाली, आणि मध्ये कच्च्या पिठाच्या तारा. मला खरंच कळेना की चुकतंय कुठं!

चुकत होतं ते माझ्या आयुष्यभराच्या सवयीत. यंत्रावर दोन दिवे आहेत, लाल आणि हिरवा. साचे तापले की हिरवा लागतो, पीठ ओतलं की तो मावळतो आणि थोड्या वेळानं पुन्हा उगवतो. बॉयलरवर हिरवा दिवा म्हणजे सारं आलबेल. तीस वर्षं त्या रंगावर विसंबून मी चहाचे घोट घेतले होते. तेव्हा हिरवा उगवला, की मी झाकण उघडत होतो. तो बिचारा मला एवढंच सांगत होता की साचे पुन्हा तापले. आतल्या जिवाचं काय झालं, याची त्याला काय कल्पना असणार?

नंदानं त्या सकाळी आक्काची खुर्ची स्वयंपाकघरात आणून ठेवली होती, कारण पूर्वेच्या खिडकीतलं ऊन तिथंच पडतं. आक्का पदर पांघरून त्या उन्हात बसली होती. ती झोपली आहे अशीच माझी समजूत होती. चौथ्यांदा पीठ घातलं, झाकण पाडलं, हिरवा दिवा लागला, माझा हात मुठीवर गेला आणि मागून आवाज आला. किती दिवसांनी तो आवाज त्याच्या जुन्या वजनानिशी माझ्या कानावर पडला होता!

“दिव्याकडं काय बघतुस, मारुती? वाफंकडं बघ. वाफ सरली की उघड.”

मी हात मागे घेतला. फटीतून वाफ जोरात येत होती, पांढरी, दाट. नंदाही माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. वाफ विरळ झाली, मग तिचे तुटक-तुटक झोत येऊ लागले, मग नुसताच एखादा धागा. त्या दोन-तीन मिनिटांत माझ्या मनात काय काय येऊन गेलं! ज्या वाफेवर मी माझं पोट भरलं, तिच्याकडे मी कधी उघड्या डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं. मी पाहिलं ते काट्यांकडे आणि दिव्यांकडे. आक्काजवळ काटा नव्हता. रानात, वाऱ्यावर, उपड्या परातीखाली शिजणारा भात तिनं वाफेवरूनच ओळखला होता आणि मला वेळेवर जेवू घातलं होतं. आणि गेला महिनाभर मी तिच्याशी वागत होतो ते कसं? दिवसातून दहा वेळा जाऊन विचारायचं, खाल्लं का, किती खाल्लं, दुखतंय का, कवळी घातली का. तिच्या आत जे काही चाललं होतं, त्याला मी एक घटका झाकण मिळू दिलं नव्हतं. काळजीपोटीच करत होतो, पण त्या काळजीचा तिला जाच होत असणार. हे माझ्या लक्षात आलं आणि मला स्वतःची चांगलीच लाज वाटली.

वाफ थांबली. झाकण उचललं तर कुठेही न अडता वर आलं. खाली सोनेरी, चौकटीदार, अखंड वॉफल! ते मी ताटात काढणार, तोच नंदानं पिठाची चाळणी पालथी करून पुढे धरली; ताटात खालून घाम धरेल, चाळणीवर कुरकुरीत राहील, असं ती म्हणाली. या खेळण्याच्या बाबतीत तिनं आपण होऊन केलेली ही पहिली मदत. वर चमचाभर तूप सोडलं, ते एकेका चौकटीत जाऊन बसलं. मी यावेळी आक्काला काही विचारलं नाही. चाळणी तिच्यासमोर स्टुलावर ठेवली आणि ओटा पुसायला लागलो, पाठ करून.

थोड्या वेळानं नंदाला तिनं कवळीची डबी मागितली.

मग तो आवाज आला. कुर्र. अगदी हलका, वाळक्या पानावर चिमणी उतरावी एवढाच. पुन्हा एकदा कुर्र. मी फडकं हातात धरून तसाच उभा. “खाल्ल्यागत वाटतंय,” आक्का नंदाला म्हणाली, आणि एवढ्या दिवसांचं कोडं मला एका क्षणात सुटलं. आम्ही तिला मऊ म्हणून जे जे देत होतो, ते सगळं मुकं होतं. जन्मभर भाकरीचा पापुद्रा दातांखाली वाजवत जेवलेल्या बाईला आम्ही निःशब्द अन्न भरवत होतो आणि तिला भूक का लागत नाही याचं नवल करत होतो. जेवणात चव असते, वास असतो, हे सगळे सांगतात. आपलं जेवण आपल्यालाच ऐकू येतं आणि त्या आवाजात आपण जिवंत असल्याची खात्री असते, हे कोण सांगतं? वॉफल वरून वाजतं आणि आतून मऊ असतं, कवळीला झेपेल एवढंच त्याचं करारीपण. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांचा काटा थोडासा का होईना पुढे सरकला आणि नळीचा विषय त्यांनी काढला नाही. पण माझ्या जिवात जीव आला तो त्या सकाळीच, फडकं हातात असताना. मी रडलो, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. नंदानं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

अर्धं वॉफल संपलं. तुपाचं बोट पदराला न पुसता आक्कानं ते चाखलं आणि क्षणभर काहीतरी आठवत असल्यासारखी बसली. मी दुसऱ्यासाठी साच्याला तेल लावायला घेतलं होतं. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. वळून बघतो तर आक्का उठून उभी होती, एक हात भिंतीला, मग ओट्याच्या कडेला. धरायला पुढे झालेल्या नंदाला तिनं मानेनंच नको म्हटलं. पिठाच्या पातेल्यात बोट बुडवून जिभेवर ठेवलं आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मी पुन्हा चार वर्षांचा झालो.

“मीठ कुठं हाय ह्यात? सरक तिकडं, मी बघती.”

मी सरकलो.