बाळाबाईची आंघोळ

आजऱ्याच्या वरच्या अंगाला, जंगलाला पाठ लावून बसलेल्या एका वाडीत बाळाबाई राहते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा सम्राट कोल्हापुरात नोकरीला, आणि ती स्वतः दिवसभर काजूच्या कारखान्यात बिया फोडते. या बाईला आयुष्यात एकच चैन ठाऊक आहे, संध्याकाळची आंघोळ. आंघोळ ही काय चैन झाली, असं ज्यांना वाटतं त्यांनी एक दिवस काजूच्या बिया फोडून बघाव्यात. टरफलातलं तेल बोटं भाजतं, हात काळेठिक्कर पडतात आणि एका जागी बसून कंबर अशी धरते, की उठताना तोंडातून आपोआप देवाचं नाव येतं.

घरी आली की बाळाबाई चहाच्या आधी परसातलं चुलवण पेटवायची आणि त्यावर हंडाभर पाणी ठेवायची. त्यात अंगदुखीवर म्हणून निगडीचा पाला टाकायचा. न्हाणी तिथेच, तीन बाजूंना कुडाचा आडोसा, चौथीकडे जुन्या साडीचा पडदा आणि वर उघडं आभाळ. हातांना खोबरेल चोळायचं, वजरीने टाचा घासायच्या आणि मग कढत पाण्याचे तांब्यामागून तांबे. नवरा गेला त्या दिवसांतही तिने ही आंघोळ चुकवली नाही आणि वाडीने त्यावरून यथेच्छ तोंडसुख घेतलं. तिला जे काय रडायचं होतं ते ती तिथेच रडत होती, हे बोलणाऱ्यांना कोण सांगणार?

शेजारच्या चिमणाबाईचं मात्र उलटं. ती वयाने थोरली, एकटीच, दोन तांबे डोक्यावरून घेतले की तिची आंघोळ उरकली. बाळाबाई तिला अक्का म्हणते. अक्का कुडापलीकडून रोज विचारायची, की नवरी न्हाऊन झाली का, का मुंडावळ्या आणू? बाळाबाई आतून हसायची आणि आणखी एक तांब्या ओतायची.

मग हत्ती आला.

एकटाच, लांब सुळ्यांचा. पेपरवाले त्याला टस्कर म्हणतात, वाडीत कुणी नाव घेत नाही, नुसतं ‘त्यो’ म्हणतात. हत्ती म्हणजे गणपती वगैरे बोलायला शहरातल्यांचं काय जातं, त्यांनी तो चित्रातच पाहिलेला असतो. इथे त्याने वरच्या वस्तीतल्या एका बापयाला उसाच्या बांधावर गाठलं, आणि जे उरलं ते घरच्यांनी घोंगड्यात गुंडाळून आणलं. त्यानंतर दिवेलागणीला दारं बंद होऊ लागली. शेजारणीकडे उसनं विरजण मागायला जायचं तरी बायका आधी चारी दिशांना बघायच्या.

एका सकाळी बाळाबाई परसात गेली तर न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेली केळ मोडून पडली होती. बाजूच्या चिखलात पाऊल उमटलं होतं, त्यात घमेलं बसलं असतं. काल संध्याकाळी ती जिथे डोळे मिटून बसली होती, त्या न्हाणीतल्या दगडी धोंडीपासून ते पाऊल हातभर अंतरावर होतं. 

वनखात्याच्या माणसांनी सांगितलं, केळ काढून टाका. तिने काढली, बुडखे तेवढे जमिनीत राहिले. पण मनातली भीती कोण उपटणार? ती घरातल्या मोरीत कडी लावून, उभ्याउभ्याच अर्ध्या बादलीत अंग ओलं करू लागली. मांजराने भांडं पाडलं तरी ती कडी चाचपून बघायची. झोप उडाली. कारखान्यात हाताचं भान सुटलं आणि बी फोडायच्या यंत्राच्या पात्याने बोट फाडलं. जेवण जाईना, आणि विशेष म्हणजे रडूही येईना. सगळं आत साचत गेलं आणि बाई वाळत गेली.

सम्राट गाडी घेऊन आला आणि तिला कोल्हापूरला घेऊन गेला. त्याच्याकडे गिझर होता, नळ फिरवला की गरम पाणी. पण ती आत गेली की बाहेरून कुणीतरी हाक मारायचं, आई, झालं का? सगळ्यांना कामावर जायचं असायचं, त्यांचंही काही चुकत नव्हतं. बाळाबाई आठवडाभर कशीबशी राहिली आणि परत आली. सम्राट भडकला, म्हणाला, मरायला चाललीस. तिलाही तसंच वाटत होतं.

तिचं तोंड बघून अक्काने एक दिवस तेलाचा रिकामा डबा आणि काठी आणली. मागच्या दाराच्या पायरीवर बसकण मारली आणि म्हणाली, “न्हा जा तू. मी बसते हितं.” ठरलं ते असं, की अक्का सावकाश डबा वाजवत राहील, म्हणजे आवाजाने तो जवळ यायचा नाही. टकटक चालू आहे तोवर बिनघोर राहायचं. लांब काही दिसलं तर ती जोरात बडवेल, की दोघींनी घरात पळायचं. कितीतरी दिवसांनी बाळाबाईच्या पाठीवर कढत पाणी पडलं आणि तिच्या तोंडून हुंकार निघाला. पुढे रोजच तसं सुरू झालं. भीती गेली नव्हती. प्रत्येक तांब्याला तिचे कान डब्याकडे असायचे. पण घास गोड लागू लागला होता.

त्या दिवशी थंडी मी म्हणत होती. मागच्या दारावरचा दिवा लागलेला, डबा चालू होता. बाळाबाईने तोंडाला साबण लावला आणि डबा थांबला.

तिला वाटलं, अक्का पेंगली. हाक मारणार एवढ्यात वास आला, ओल्या गवताचा, शेणाचा, आणखी काहीतरी आंबूस. तिने तोंड मिटून घेतलं. डोळ्यांत साबण झोंबत होता, पण पाणी घ्यावं तर तांब्या वाजेल. तिने मनगटाने डोळे पुसले आणि कुडाच्या फटीतून पाहिलं. दाराचा दिवा दिसत नव्हता. दिव्याच्या आणि तिच्यामध्ये काहीतरी उभं होतं आणि ते श्वास घेत होतं.

आपलं कुठे चुकलं, हे तिला तेव्हा कळलं. टकटकीने तो लांब राहील असं धरून दोघी बसल्या, आणि त्या टकटकीतच त्याची चाहूल बुडाली. अक्का आत पळाली असणार, दुसरं काय करेल? दार तिच्या पाठीशीच होतं. तिच्या जागी मी असते तरी पळालेच असते, असं बाळाबाईच्या मनात आलं आणि त्या विचाराने ती आणखी एकटी पडली.

केळीचा एक बुडखा मुळासकट उपटल्याचा आवाज झाला. कूड करकरला, आत झुकला. मग वरून सोंडेचं टोक आत आलं, हवेत हललं, निगडीची वाफ हुंगली असावी, आणि मागे गेलं. बाळाबाई उघड्या अंगाने धोंडीवर बसून राहिली. दात वाजू नयेत म्हणून तिने साबणाचा हात तोंडात धरला होता.

किती वेळ गेला कोण जाणे. दिवा पुन्हा दिसू लागला. मग पायरीकडून अगदी हलका आवाज आला.

“बाळे, आजून हलू नगंस.”

अक्का तिथेच होती.

आणखी थोड्या वेळाने बाळाबाई साडी गुंडाळून धावत दारात आली, अक्काला ओढून आत घेतलं आणि कडी लावली. अक्काच्या एका हातात काठी तशीच होती, बोटं सुटत नव्हती. भीतीने तिचं लुगडं खालून भिजलं होतं, आणि ते लपवायचं भानही तिला नव्हतं.

बाळाबाई रागानेच म्हणाली, “दार पाठीशी हुतं की अक्का. आत का न्हाय गेलीस?”

“आत गेले असते तर भ्यानं कडी घातली असती,” अक्का म्हणाली. “एकदा घातलेली कडी काढायला माझा हात उठला नसता. मग तू कुठनं आत आली असतीस?”

 बाळाबाईने कडी काढली. अंधारात चुलवणापर्यंत जाऊन उरलेल्या कढत पाण्याचा हंडा पदराने धरून तिने आत आणला आणि पुन्हा कडी लावली. अक्काला मोरीत बसवलं, लुगडं सोडलं आणि लहान पोराला घालतात तशी आंघोळ घालायला घेतली. अक्काच्या पाठीला कुणाचा हात लागूनही किती वर्षं झाली होती. पाणी पडलं तशी ती आधी शहारली, मग तिने डोळे मिटले. तिची पाठ चोळता चोळता बाळाबाईला रडू फुटलं आणि ते थांबेना.

तेवढ्यात उसाच्या बाजूला तो ओरडला. फार लांब नव्हता. भरलेला तांब्या बाळाबाईच्या हातात तसाच राहिला, दोघींनी दाराच्या कडीकडे पाहिलं.

“थांबू नगंस बाळे,” अक्का म्हणाली. “पाठीवर वत.”

बाळाबाईने कडीकडे बघत पाणी ओतलं.