शिवेवरची ये-जा

आक्काने महिना-दीड महिना खपून दमवत आणलेला प्राणी मी एका फटक्यात मारून टाकला. प्राणी तिच्या फोनमधला होता आणि मारला माझ्या दुकानात, समोर गिऱ्हाईक बसलेलं असताना. एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण मी पडलो मोबाईल दुरुस्त करणारा माणूस. बिघडलेलं आणखी बिघडवल्याशिवाय हात मागे घेणं मला जमत नाही.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. दसऱ्यानंतर एका सकाळी दाजींनी तिला आमच्या दारात आणून सोडलं. गाडीवरची बॅग उतरवली, "काही दिवस राहू द्या" म्हणाले आणि चहासुद्धा न घेता केजच्या रस्त्याला लागले. तिचा फोन त्यांच्याकडेच राहिला. तिच्या मनगटाला प्लॅस्टर होतं. आईने विचारलं तर "पडले" म्हणाली. त्यानंतर ती फारसं काही बोललीच नाही. सकाळी दोरीवरच्या कपड्यांची राख झटकायची, कारण परळीच्या वीजकेंद्राच्या धुराड्यांकडून वारा आला की आमच्या कपड्यांवर राख बसते, आणि मग मागच्या खोलीत भिंतीला टेकून बसायचं.

तिचं मन रमावं म्हणून मी दुकानात पडलेला, कोपऱ्याला तडा गेलेला एक फोन तिला दिला. ज्याच्या पायी मी कॉलेजात दोन विषय घालवले होते तो जुना खेळ त्यात टाकून दिला. गावोगाव हिंडायचं, गवतातून निघणारे प्राणी धरायचे, पाळायचे, लढवायचे, असा खेळ. मला वाटलं, दोन दिवसांत कंटाळेल. ती त्यात शिरली ती शिरलीच.

या खेळात बाकीचे प्राणी आपापल्या जागी सापडतात. तळ्याचा तळ्यात, डोंगराचा डोंगरात. पण एखाद-दुसरा दुर्मीळ प्राणी असा असतो की तो एका ठिकाणी टिकत नाही. त्याचं चालणं आपल्या चालण्याला बांधलेलं असतं. आपल्या भागातली नावं घेऊन सांगायचं तर, समजा, तो युसूफ वडगावच्या रस्त्यावर आहे असं नकाशात दिसलं आणि आपण परळीहून निघालो. आपण एक शीव ओलांडली की तोही एक शीव ओलांडतो आणि शेजारच्या रस्त्याला लागतो. घाईघाईने खेळातल्या पाळीव पक्ष्यावर बसून उडत जावं, तर तोही भलतीकडेच, पार पाटोद्याला जाऊन पडतो. म्हणजे पाठलाग करणाऱ्याच्या हाती तो लागत नाही. त्याला धरायची युक्ती एकच. एखादी शीव पकडायची आणि अलीकडे-पलीकडे करत राहायचं. आपण एक पाऊल टाकतो, तोही तिकडे कुठेतरी टाकतो, आणि भटकत भटकत कधीतरी आपल्याच रस्त्यावर येतो.

आला तरी पहिल्या झटक्याला पळून जातो. तेवढ्यात आपल्याला एकच वार करता येतो. मात्र केलेली जखम भरून येत नाही. पुढच्या भेटीला तो तीच जखम घेऊन येतो. असं करत करत त्याला थकवायचं आणि मग फास टाकून धरायचं. जोराचा वार बसून तो मेला, तर त्या डावात पुन्हा येत नाही.

आक्काचा प्राणी राखाडी रंगाचा, काळविटासारखा होता. ती तासन् तास एका शिवेवर अलीकडे-पलीकडे करत बसायची. मी एकदा म्हणालो, "आक्का, जरा पाय तरी मोकळे कर, चल बाजारात." तिने मानही वर केली नाही. आई मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "ते हातात हाय तवर पोटात चार घास जात्यात तिच्या. तू लई शानपणा करू नको."

इकडे वडिलांनी रविवारी बैठक ठरवली. दाजींकडची माणसं येणार, चार समजुतीच्या गोष्टी होणार आणि आक्का त्यांच्यासोबत परत जाणार. "पोरीनं किती दिस माहेरात बसावं?" असं ते म्हणाले. म्हणाले भिंतीकडे बघून, पण ऐकायचं सगळ्यांनी होतं. आक्काला काय वाटतं हे कुणी विचारलं नाही. त्या कुणीमध्ये मीही आलो.

गुरुवारी तिच्या फोनची चार्जिंग पिन ढिली झाली. मी फोन दुकानात नेला आणि पिन बदलली. टच नीट चालतोय का बघावं म्हणून खेळ उघडला, शिवेवरून दोनदा इकडे-तिकडे केलं, आणि राखाडी प्राणी समोर उभा!

आक्का जिच्यासाठी दिवस घालवत होती ती भेट मला फुकट मिळाली होती. मला वाटलं, आज धरून नेतो. रविवारच्या आधी बहिणीच्या तोंडावर हसू बघतो. पडद्यावर जीव दाखवणाऱ्या दोन रेघा असतात, एक त्याची, एक आपली. एक रेघ लाल, अगदी केसाएवढी उरलेली. मी घाबरलो. वाटलं, आपलाच प्राणी मरायला टेकलाय. म्हणून होता नव्हता तो सगळ्यात मोठा वार केला.

लाल रेघ त्याची होती.

समोरचे म्हातारे गिऱ्हाईक म्हणाले, "काय झालं हो, करंट बसला का?"

तरीही उपाय होता. या फोनवरच्या खेळात आधीची जागा साठवून ठेवता येते आणि तिथे परत जाता येतं. आक्काने सकाळचीच जागा साठवली होती. 'लोड' दाबायचं, की काळवीट जिवंत. मी घाईत त्याच्या शेजारचं 'सेव्ह' दाबलं. प्राण्याचं मरण तेवढं पक्कं केलं. दिवसभर लोकांना सांगत असतो, "फोटो सांभाळा, बॅकअप घ्या." मी सांगणारा!

संध्याकाळी फोन मुकाट तिच्या हातात दिला. तिने चार्जर लावून बघितला, "झाला" म्हणाली आणि खेळ उघडला. मी दारात चप्पल शोधत असल्यासारखा उभा राहिलो. तिने नकाशा उघडला, मिटला आणि शिवेवर चालू लागली. अलीकडे, पलीकडे. शुक्रवारी तेच, शनिवारी तेच. जे येणार नव्हतं त्याची वाट बघत ती बसली होती आणि मी जेवताना तिच्या ताटाकडे बघत होतो. सांगायला तोंड उघडायचो आणि भाकरी मागायचो.

रविवारी पाहुणे आले. तिघे जण ओसरीवर बसले. वडिलांनी मला आत पाठवलं, "बोलव तिला. बॅग भरली का बघ."

मागच्या खोलीत बॅग होती तशीच भिंतीला होती. आक्का शिवेवर होती.

"आक्का, तो न्हाई येणार आता," मी म्हणालो. "मी मारला. दुकानात. चुकून."

"म्हाईत हाय."

"कवा?"

"त्याच सांजंला. नकाशात दिसायचा बंद झाला ना."

"मग तीन दिवस कशापायी चालतीस नुसती?"

तिने फोन खाली केला. "हे हातात असलं की आई कुणाला आत येऊ देत न्हाई. ठिवलं की तुमी इचारणार, कवा निघतीस."

तिने पदर सावरला आणि ओसरीवर गेली. मी मागे गेलो. पाहुण्यांपैकी एक जण "बाई, झालं गेलं..." असं सुरू करत होता. ती उभ्याउभ्याच म्हणाली, "मी येणार न्हाई. हात पडून मोडला नव्हता." मग वडिलांकडे वळून म्हणाली, "दादा, तुमाला जड होत असंल तर सांगा. मी परळीत कुठं बी काम धरीन."

दादांनी भिंतीकडे तोंड केलं. पाहुणे चहा तसाच ठेवून उठले. कपावर साय धरली आणि साईवर राख. रात्री दादा जेवले नाहीत. आजही ते आक्काशी माझ्यामार्फत बोलतात, ती समोर बसलेली असते आणि ते मला विचारतात, "तिला दूध हवं का?"

दुसऱ्या दिवशी मी तिच्याजवळ गेलो. म्हणालो, "आक्का, नवा डाव टाकून देऊ का? पहिल्यापासून. त्यात तो असंल."

तिने फोन माझ्या हातात दिला नाही. स्वतःच उघडून काहीतरी दाबू लागली.

"मी टाकते. तू दुकानाला जा. तुझ्या हाताला यश न्हाई येड्या, लोकांचे फोन कसे सुरू होत्यात देवाला म्हाईत."