टक् झाल्यावर एक वर

९ फेब्रुवारी १९९९. त्या दिवशीचं काम : पंपाच्या ॲल्युमिनियमच्या कव्हरला सहा-सहा बोल्ट लावायचे. अंबडच्या कारखान्यात आम्हा पाच बायकांना पॅकिंगमधून असेम्ब्लीवर घेतलं, त्याला आठवडाच झाला होता.

टॉर्क म्हणजे पिळायचा जोर. तो किती हवा ते टॉर्क पान्यावर आधीच लावून ठेवतात. तेवढा जोर झाला की पाना 'टक्' करतो. मला तो आवाज भलताच आवडायचा. घरी बरणीचं झाकण लावतानाही मी टक् होण्याची वाट बघायला लागले होते.

दुपारी सुपरवायझर तीन कव्हरं घेऊन आला. आटे गेलेले, बोल्ट नुसते गरगर फिरत होते.

"ताई, बायकांच्या हाताला जोर नसतो म्हणतात. मग हे काय?"

"जोर नाही की जास्त आहे, ते एकदा ठरवा."

"उद्या असं एक जरी निघालं, तर पाचही जणी परत पॅकिंगला."

मी पाना तपासून आणला. ठणठणीत होता. मग शेजारणीचा हात बघत उभी राहिले. टक् झालं आणि तिनं आणखी एक हिसका दिला. पुढच्या बोल्टलाही तेच.

"हा कशाला गं?"

"वरचा! तेवढ्यावरच सोडायचं? बरं दिसतं का?"

ती मखमलाबादच्या भाजीवाल्यांची. तराजू बरोबर झाला तरी गिऱ्हाइकाला मूठभर वर घालायची, हे लहानपणापासून हातात बसलेलं. मी हसून पाना घेतला. टक् झालं आणि माझाही हात पुढे गेला! आमचाही भाजीचाच मळा.

"अगं, सापडलं!" मी ओरडलेच. सुपरवायझरला हात धरून आणायचंच बाकी होतं. भंगारातल्या कव्हरवर त्याला दोन बोल्ट लावून दाखवले. टक्‌वर थांबले तिथं जोर मोजायच्या काट्याच्या पान्यावर दहा, वरचा घातला तिथं चौदा.

"चौदा?" तो काट्याकडे बघतच राहिला. "पण हात थांबवणार कसा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं कव्हर मीच घेतलं. टक् झालं की पान्यावरून हात काढायचा आणि मोठ्यानं 'बास!' म्हणायचं. चौघींनीही सुरू केलं. शेडभर बास-बास चाललं, पुरुष हसत होते. चहाच्या सुट्टीपर्यंतची सगळी कव्हरं सुपरवायझरनं तपासली. एकाचाही आटा गेला नव्हता. मी बोल्टांची नवी पेटी उघडली.