मधली खुर्ची

डाव्या स्पीकरला जागा हवी म्हणून मी बायकोची खुर्ची पडवीत नेऊन ठेवली. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा त्रिकोण जमला, तरच आवाज नीट येतो, असं मी वाचलं होतं. ऐकणारा एकच होता, आणि तो मीच असणार याबद्दल मला शंकाही आली नाही.

तेव्हापासून बायको संध्याकाळी पडवीतच बसते. तिच्या सोबतीला असते तानशाकडच्या पाड्यावरून खर्डीला येणारी भाजीवाली. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. पाटी उतरवून, चुंबळ बुडाखाली घेऊन ती भिंतीला टेकते. आधी गावभरच्या बातम्या सांगते, भाव नंतर. दोघी हसल्या की मी आत लावलेली सतारीची रेकॉर्ड बुडते.

परवा मी दारात जाऊन म्हणालो, "जरा हळू हसा ना."

बायको म्हणाली, "आत जागा नाही, आता हसायचंही नाही का?"

भाजीवालीने मान लांब करून आत पाहिलं. मधोमध एकटी खुर्ची, आणि तिच्याकडे तोंड करून उभे दोन स्पीकर.

"दादा, आमच्याकडं ढोलवाला मधी असतो नं मानसं भवती. तुमी एकलेच मधी बसता?"

मी समजावू लागलो, की आवाज फक्त तिथेच जुळतो. तिने ऐकून घेतलं आणि ती बायकोकडे वळली.

"तू हितंच बस गो ताय. तुजा नवरा परत हळदीला बसलाय."